तिच्या गतीने

माझे वडील शिक्षकांना शिकवत. मुलांना शिकवायचं कसं, हे मोठ्या माणसांना शिकवणं हा त्यांचा व्यवसाय होता. ठाण्याला प्राथमिक शिक्षकांच्या एका ट्रेनिंग कॉलेजात ते बालमानसशास्त्र घेत. शहापूर, मुरबाड, वाडा असल्या गावांतले गुरुजी तिथे ट्रेनिंगला यायचे. त्यांतले बरेच जण वडिलांच्याच वयाचे होते, आणि मुलाच्या मनात काय चालतं हे ते वडिलांकडून वहीत उतरवून घ्यायचे. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांना मी अण्णा म्हणायची.

मला ऐकू येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते सांगायला फार वर्षं लागली.

मी लहान असताना मला गोवर निघाला. ताप उतरला आणि कान फुटले. आईने लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानांत सोडलं, कापसाचे बोळे घातले. कान वाहायचे, महिनाभर बरे राहायचे, पुन्हा वाहायचे. उशीच्या अभ्र्यावरचे पिवळे डाग आई रिठ्याने घासून काढायची. कान दुखायचे तेव्हा मी रडायची; दुखायचे थांबले की सगळ्यांच्या दृष्टीने मी बरी झालेली असायची.

ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला आपल्याला ऐकू येत नाही हे कळत नाही. मला वाटायचं, माणसं तोंड हलवतात त्यालाच बोलणं म्हणतात, आणि पाठ फिरवली की त्यांचं बोलून झालेलं असतं. आई समोर बसून बोलली की मला सगळं कळायचं. तांदूळ निवडताना ती माझ्याकडे बघून गोष्टी सांगायची, त्या मला पाठ होत्या. आजारी पडण्याआधी मी बोलायला शिकले होते म्हणून मला बोलता येत होतं. पण हळूहळू स आणि श माझ्या तोंडातून गळून गेले, आवाज घशात ओढल्यासारखा झाला. शेजारच्या बायका मला बोबडी म्हणायच्या.

"टोकू नका तिला," अण्णा म्हणायचे. "टोकलं की मूल अडखळतं. फळ पिकल्याशिवाय देठ सोडत नाही."

अण्णा दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्या काळी आमच्या आळीत मुलांना मारणं हे अंघोळ घालण्याइतकं नेहमीचं होतं. अण्णांनी मला कधी बोट लावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. आळीतले लोक त्यांना मानायचे. कुणाचं पोर शाळेत जाईना झालं की बाप अण्णांना विचारायला यायचा, आणि अण्णा त्याला ओट्यावर बसवून मुलाच्या मनाचे टप्पे समजावून सांगायचे. बाप मान हलवत घरी जायचा. पोराचं पुढे काय व्हायचं, ते कुणी पाहत नव्हतं.

रविवारी ट्रेनिंगचे गुरुजी आमच्या घरी यायचे. आई चहा करायची, आणि मला बाहेर बोलावलं जायचं. मुलाची बुद्धी कशी मोजायची, ते अण्णा माझ्यावर करून दाखवायचे.

ती खोली मला अजून दिसते. भिंतीला टेकून बसलेले गुरुजी, त्यांच्या मांडीवरच्या टोप्या, मधे मी. अण्णा सांगायचे, परीक्षा घेणाऱ्याने आपल्या चेहऱ्यावरून मुलाला उत्तर सुचवायचं नाही. म्हणून मुलाच्या पाठीमागे उभं राहावं आणि सरळ, एका सुरात सूचना द्यावी. मग ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. ही किल्ली खुर्चीवर ठेव, मग दार लाव, मग ती पेटी इकडे आण, अशी काहीतरी सूचना असायची. मला कळायचं ते एवढंच की समोरचे सगळे गुरुजी माझ्याकडे एकटक बघतायत आणि कशाची तरी वाट पाहतायत. कधी मी किल्ली उचलून हातात धरायची. कधी नुसती हसायची. एकदा मी दार उघडून बाहेर गेले, कारण सगळे दाराकडे बघत होते. गुरुजी हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हात वर करून गुरुजींना थांबवलं आणि ते काय म्हणाले ते मला दिसलं, कारण ते आता समोर आले होते.

"हसू नका. मंदगती मूल हे हसण्याचा विषय नाही. त्याला त्याच्या गतीने येऊ द्यायचं असतं."

गुरुजींनी ते लिहून घेतलं.

मंदगती हा शब्द मला असा समजला. चांगला शब्द होता तो, सौम्य. आळीतली पोरं मठ्ठ म्हणायची. अण्णांनी घरात त्याला शुद्ध मराठी नाव दिलं एवढंच.

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला मी शाळेत जायला लागले. अण्णा स्वतः मला पोचवायला आले आणि वर्गाच्या बाईंशी बोलले. बाई त्यांना ओळखत होत्या, त्यांच्याकडेच शिकल्या होत्या. "हिला छडी लावायची नाही," अण्णा म्हणाले. "प्रश्न विचारून दडपण आणायचं नाही. पुढे बसवलं की मूल बिचकतं. मागे बसू दे. तिला तिच्या वेळेला येईल."

बाईंनी अक्षरशः तसंच केलं. मी खिडकीपाशी, सगळ्यांत मागच्या पाटावर. पुढच्या मुलींच्या वेण्या आणि बाईंची पाठ, हाच माझा अभ्यासक्रम. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या. सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या की मी उभी राहायची, सगळ्यांनी पाट्या काढल्या की मी काढायची. शेजारच्या मुलीच्या पाटीवरची अक्षरं मी गिरवायची, त्यामुळे माझं अक्षर सुंदर झालं आणि त्याचा अर्थ मला माहीत नसायचा. इतर मुलींना पाढे चुकले की छडी बसायची. मला बसायची नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. छडी मारायला बाईंना त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं, त्यांच्याकडे बघावं लागायचं.

मी पहिलीत राहिले, पुन्हा राहिले. अण्णांनी प्रगतिपुस्तकावर शांतपणे सही केली.

आईला मात्र काहीतरी खटकत होतं. आई मराठी चौथी शिकलेली. अण्णांसमोर शिक्षणाबद्दल बोलायची तिची पद्धत नव्हती. पण एक दिवस मी अंगणाकडे तोंड करून सागरगोटे खेळत होते आणि तिच्या हातून पितळी परात माझ्या मागे फरशीवर पडली. शेजारच्या बिऱ्हाडातून शेजारीण धावत आली, काय पडलं म्हणून. मी सागरगोटे झेलत राहिले. हे मला अर्थात तेव्हा कळलं नाही. आईने पुढे, मी जरा मोठी झाल्यावर, मला समोर बसवून सांगितलं. आणि त्या संध्याकाळी तिचं-अण्णांचं काय बोलणं झालं, तेही.

"अहो, परात पडली तिच्या मागे. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"खेळात होती ना? मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "खेळात रमलेल्या मुलाचं अवधान पूर्ण खेळावर असतं. उलट चांगलं लक्षण आहे हे."

"मी हाक मारली तरी येत नाही ती. समोर गेलं की येते."

"हाकेला ओ न देणं हा या वयातला विरोध असतो. स्वत्व जागं होत असतं मुलाचं."

"मी म्हणते, एकदा कान दाखवूया कुणाला तरी."

"अगं, कान तर वाहायचे थांबलेत. तिच्या बुद्धीची वाढ सावकाश आहे, हे स्वीकारायला आईला जड जातं. त्यालाही कारण आहे. त्यावर मी एक अख्खं व्याख्यान देतो."

असं प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. मी गप्प बसले तर अंतर्मुख, मोठ्याने ओरडले तर लक्ष वेधून घेणं, आईला चिकटून राहिले तर असुरक्षितता. आई म्हणायची, त्यांना तिचं म्हणणं कधी खोडावंच लागलं नाही, ते त्याला नाव देऊन फडताळात ठेवून द्यायचे.

तोवर कल्याणच्या पलीकडे, विठ्ठलवाडीच्या बाजूला, जुन्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला लागून काही वर्षं झाली होती. तिकडच्या बायका आमच्या आळीत पापड विकायला यायच्या. त्यांतल्या एकीकडून आईला कळलं की छावणीत एक डॉक्टर आहेत, कराचीत मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घसा बघायचे. आईने अण्णांना सांगितलं, शहाडला मावशीकडे जाऊन येते. लग्नानंतर अण्णांशी ती पहिल्यांदा खोटं बोलली असावी. तिने मला फुलांचा फ्रॉक घातला आणि टांगा केला.

डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे बराकीचा एक कोपरा, मधे गोणपाटाचा पडदा. डॉक्टर पिकल्या दाढीचे, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, माझा एक कान हाताने दाबला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. मला त्यांचं तोंड दिसेना म्हणून मी वर्तमानपत्र खाली ओढलं. त्यांनी ते पुन्हा वर धरलं. मी पुन्हा ओढलं. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. चिमट्यासारखा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून त्यांनी कानाजवळ धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर टेकवला तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी गुणगुणलं. मी दचकून आईकडे पाहिलं आणि हसले.

डॉक्टर आईकडे वळले. ते काय म्हणाले, हेही मला आईनेच पुढे सांगितलं. "बहनजी, बच्ची को सुनाई नहीं देता. इतने साल किसीने देखा नहीं? इसके पिताजी क्या करते हैं?"

आईला हिंदी नीट यायचं नाही, पण हा प्रश्न कळला. ती उठली आणि पडद्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली. मला ती गोणपाटाच्या खालच्या फटीतून दिसत होती, फक्त पावलं आणि लुगड्याचा काठ.

एक कान गेला होता. दुसऱ्यात थोडंफार शिल्लक होतं. वेळेवर उपचार झाले असते तर जास्त राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पिचकारीने कान साफ केले, औषध दिलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. आणि आईला सांगितलं, मुलीला वर्गात पुढे बसवा, तिच्यासमोर येऊन बोला. वेडी नाहीये ती, म्हणाले. तुमच्याआमच्यापेक्षा हुशार आहे. बिनकानाची एवढं शिकली.

आईने घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं, खोटं बोलल्यासकट. मी दोघांच्या मधे बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. अण्णांनी आधी डॉक्टरांच्या डिग्रीची चौकशी केली. मग म्हणाले, छावणीतल्या माणसावर विसंबून निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या आठवड्यात ते मला मुंबईला एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

त्या दिवशी परत आल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं. स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि तीच ती किल्लीची, दाराची, पेटीची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी तोंड दाखवून. मी सगळं बरोबर केलं. त्यांनी आणखी कठीण विचारलं. तेही केलं. अण्णांचा चेहरा उजळत गेला. मला वाटलं, आता ते मला जवळ घेतील. ते उठले आणि टेबलाशी जाऊन लिहायला बसले. तो आनंद माझ्याविषयी नव्हता. त्यांना नवा विषय सापडला होता.

शाळेत मी पुढे बसायला लागले आणि भराभर पुढच्या यत्तांत गेले. माझ्याहून लहान मुलींबरोबर बसायची लाज वाटायची, पण शिकत होते. कानाच्या औषधासाठी आई मला छावणीत नेत राहिली. अण्णा तिथे कधी आले नाहीत.

काही वर्षांनी ठाण्यात शिक्षकांचा मेळावा होता. अण्णांचं व्याख्यान होतं आणि त्यांनी आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. मला पहिल्या रांगेत, अण्णांचं तोंड दिसेल असं बसवलं होतं, त्यामुळे ते व्याख्यान मी पूर्ण 'ऐकलं'. विषय होता, मंदगती समजल्या गेलेल्या मुलाची खरी ओळख. अण्णा फार सुंदर बोलले. एका घरातली मुलगी, तिचं मागे पडणं, सगळ्यांनी तिला मठ्ठ ठरवणं, आणि तिच्या जागरूक पित्याने वर्षानुवर्षं केलेलं निरीक्षण. परातीचा प्रसंगसुद्धा त्यांनी सांगितला. त्यांच्या सांगण्यात परात पित्याने मुद्दाम पाडली होती.

मी आईकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती.

श्रोत्यांतल्या एक बाई उभ्या राहिल्या; सगळे वळले म्हणून मीही वळले. त्यांनी विचारलं, "सर, बहिरेपणाची शंका नेमकी पहिल्यांदा कशावरून आली?"

"निरीक्षणातून," अण्णा म्हणाले. "डोळस निरीक्षणातून."

मग त्यांनी मला वर बोलावलं. हीच ती मुलगी, म्हणाले. टाळ्या पडल्या, मला त्या हातांवरून दिसल्या. माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला. नंतर ते म्हणाले, "तुला यांना काही सांगायचंय?"

मी सांगितलं. मला ते शब्द आजही जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "मला आईने डॉक्टरकडे नेलं. अण्णा नको म्हणत होते. परात आईच्या हातून पडली."

सभागृह माझ्याकडे प्रेमाने बघत होतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ते तसेच हसत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की माझे शब्द त्यांना कळलेलेच नाहीत. माझा आवाज घशातला, स आणि श गेलेले, वर भीतीने बोलणं घाईचं. घरच्यांना सवयीने कळायचं. परक्या माणसांना मी नुसती आवाज करत होते.

अण्णांना कळलं होतं. ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाजूने त्यांच्या ओठांकडे बघत होते. सभेकडे वळून ते म्हणाले, "ती म्हणते, आई-अण्णांनी मला डॉक्टरकडे नेलं, म्हणून मी आज इथे उभी आहे."

लोकांनी डोळे पुसले. खूप टाळ्या पडल्या.

स्टेशनवरून घरी येताना अण्णा एकटे पुढे चालत होते. घरात शिरल्यावर आईने लुगडं बदललं, चूल पेटवली आणि पिठलं टाकलं. जेवणं झाल्यावर ती अण्णांना म्हणाली, "यापुढे रविवारचा चहा होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या माणसांना घरी आणायचं नाही. माझ्या मुलीला कुणापुढे उभं करायचं नाही. मी मेल्यावर हवं ते करा."

अण्णांनी तिच्या या बोलण्यालाही नाव द्यायला तोंड उघडलं असेल. पण त्यांनी ते मिटलं. गुरुजी आमच्या घरी यायचे बंद झाले. आई त्यानंतर अण्णांशी स्वयंपाकापुरतं आणि सणावारापुरतं बोलायची. ते भांडण नव्हतं. भांडण मिटतं.

मॅट्रिक झाले तेव्हा मी चांगलीच मोठी होते. मला शिक्षिका व्हायचं होतं. मागे बसलेल्या मुलींकडे जाऊन बसायचं, एवढीच माझी शिक्षणाची कल्पना होती. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर येऊन, तोंड नीट हलवत, प्रेमाने समजावलं. शिक्षकाला मुलाची कुजबूज ऐकू यावी लागते. वर्गाच्या पाठीमागे काय चाललंय ते कानांनी कळावं लागतं. शारीरिक तपासणीत मला कुणी पास करणार नाही. "आणि मुलांच्या दृष्टीनेही ते योग्य नाही," ते म्हणाले. "भाषा मूल अनुकरणातून शिकतं. तुझा उच्चार ऐकून ती काय शिकतील?"

"पहिलीतल्या तुमच्या बाईंचे कान चांगले होते," मी म्हणाले. "त्यांना मी दिसले नाही."

"तू कडवट होते आहेस," अण्णा म्हणाले. त्यालाही त्यांच्याकडे शब्द होता.

मी तरीही अर्ज केला. तपासणीत नापास झाले. अण्णांचं खरं ठरलं, आणि ते खरं ठरल्याचं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता आणि तोच मला सगळ्यांत असह्य व्हायचा.

मग डोंबिवलीला टायपिंगचा एक क्लास होता तिथे जाऊ लागले. दोन खोल्यांत यंत्रांचा एवढा खडखडाट असायचा की तिथे ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. सगळेच हातवारे करायचे. मी तिथे इतरांसारखी होते. परीक्षा पास झाले आणि ठाण्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले.

पहिल्या दिवशी हेडक्लार्क माझ्या मागून येऊन काहीतरी बोलले. त्यांची सावली टेबलावर पडली म्हणून मला कळलं. मी वळून म्हणाले, आणि लोकांना कळावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. समोर येऊन बोला."

"असं होय," ते म्हणाले. त्यांनी टेबलाला वळसा घातला, समोर येऊन उभे राहिले आणि पत्र कुठल्या कागदावर टाइप करायचं ते सांगितलं. त्यानंतर ते कायम समोरूनच बोलले. माझं टेबलही त्यांनी भिंतीकडून हलवून दाराकडे तोंड करून ठेवायला लावलं. मुलं कशी वाढतात याबद्दल या माणसाने काहीही वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळी हे आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि सोलत राहिली. पलीकडच्या खोलीत अण्णा दिवा लावून उद्याच्या तासाची तयारी करत होते.